शेंदराचं शिसं

गफूर मास्तर रस्त्यानं खाली मान घालून चालायचे. नव्या माणसाला वाटायचं, काय गरीब स्वभाव आहे, मान वर करून बघतसुद्धा नाही. कप्पाळ गरीब स्वभाव! ते पडलेलं लोखंड शोधत असायचे. नालेचा तुकडा, तुटकी बिजागरी, छत्रीची काडी, काय दिसेल ते उचलायचं आणि शेरवानीच्या खिशात टाकायचं. दोन्ही खिसे गुडघ्यापर्यंत लोंबायचे. मास्तर वर्गात यायच्या आधी त्यांचे खिसे वाजत यायचे आणि पोरं गप्प बसायची.

मी पूर्णेच्या शाळेत मराठी शिकवायला रुजू झालो, तेव्हा निजामाचं राज्य जाऊन फार दिवस झाले नव्हते. पहिल्याच दिवशी गफूर मास्तर मला म्हणाले, "आओ पंडितजी, बैठो." मी म्हटलं, "मास्तर, मी पंडित नाही, माळी आहे. आमच्या सात पिढ्यांत पंडित झालेला नाही." ते म्हणाले, "मराठी शिकवता ना? मग पंडितजी. बसा आता, च्या थंडी होतीय." झालं! तेव्हापासून मी पंडितजी. घरी बायकोसुद्धा चिडली की मला पंडितजी म्हणायची.

त्या वेळी आमची शाळा उर्दूची मराठी होत होती. खालच्या इयत्तेपासून सुरुवात, दर साली एक वर्ग वर. मास्तर हैदराबादेत शिकलेले, आणि त्यांचं सगळं रसायन उर्दूतलं. म्हणजे वर राहिलेला शेवटचा उर्दू वर्ग बाहेर पडला, की त्यांच्यापुढं बसायला कुणी उरणार नव्हतं. मराठी वर्गाला रसायन शिकवता येतंय असं तपासणीत दिसलं, तरच नोकरी राहणार होती. हे त्यांना ठाऊक होतं, हेडमास्तरांना ठाऊक होतं, आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. आणि खरं सांगायचं तर, हे काही जमणार नाही, असंच आम्ही सगळे मनातून धरून चाललो होतो. वारा कुठून वाहतोय हे कळायला शहाणपण लागत नाही.

प्रयोगशाळा म्हणाल तर नव्हतीच. एक खोली, एक टेबल आणि काचेच्या चार नळ्या, त्यातल्या दोन फुटक्या. पण मास्तरांनी स्टेशनावरच्या गार्डांशी दोस्ती केली होती. पूर्णा जंक्शन, गाड्यांची ये-जा भरपूर, आणि गार्डांच्या बॅटऱ्यांचे सेल संपले की ते मास्तरांसाठी ठेवून द्यायचे. लोक स्टेशनावर पाहुणे आणायला जात, हे मेलेले सेल आणायला जायचे. सेल फोडायचा. बाहेरचं पत्र्याचं भांडं जस्ताचं, ते तेजाबात, म्हणजे आम्लात, टाकून पोरांना वायू करून दाखवायचा. मधली काळी कांडी विजेच्या प्रयोगाला. काळी भुकटी दुसऱ्या प्रयोगाला. वरची पितळी टोपी खिशात. "इसमें क्या मरा पंडितजी? सिर्फ बत्ती मरी," असं म्हणून ते हात झटकायचे आणि त्यांच्या काळ्या हातांनी माझ्या कपाची पार वाट लावायचे.

धातूपुढं माणसाची भीडभाड ठेवायची असते, हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. हेडमास्तरांच्या पुतणीच्या लग्नात रुखवत मांडलं होतं. व्याही मंडळी थाटात उभी. मधोमध काशाचं मोठं ताट, मुलीच्या मामानं मिरवत आणलेलं. गफूर मास्तर वाकले, ताटाला टिचकी मारली, कान लावला आणि भर मांडवात म्हणाले, "कासं न्हाई हे. पितळ आहे. कासं गातं, हे खोकतंय." मामाचा चेहरा बघण्यासारखा झाला. मी मास्तरांचा हात धरून त्यांना बाहेर ओढलं. म्हटलं, "अहो, तुम्हाला काय गरज होती?" ते खरंच चक्रावून गेले होते. म्हणाले, "पण पितळच होतं ना पंडितजी? तुमी पण ऐकलं ना?" आता या माणसाला काय सांगावं, सांगा! जेवणाच्या पंगतीत त्यांच्या शेजारी बसायला कुणी तयार नव्हतं. शेवटी मी बसलो.

त्यांचा धाकटा भाऊ पोलीस ॲक्शनच्या गडबडीत सरहद्दीपलीकडं गेला होता. तिकडून निरोप यायचे, तुम्हीपण या. मास्तरांची बायको अधूनमधून विषय काढायची, असं ते स्वतःच सांगायचे. मी एकदा विचारलं, "का नाही गेलात?" ते म्हणाले, "कायकू जाऊ? तिथं कोणते बच्चे बसलेत माझी वाट बघत?" मला वाटलं होतं काही मोठं बोलतील, देशाबिशाबद्दल. तसलं काही नाही. इथली पोरं समोर बसलेली होती, तेवढंच त्यांचं कारण.

मग त्यांनी मराठी शिकायला घेतली. बोलायची येतच होती, पूर्णेच्या बाजारात येते तशी. पण बाळबोध अक्षर आणि पुस्तकातले शब्द, हे सगळं नवं. रोज शाळा सुटली की माझ्या घरी. पाटीवर अक्षरं गिरवायचे, चाळिशी उलटलेला माणूस, चष्मा नाकावर, जीभ दातांत. माझी बायको आतून बघायची आणि तिला हसू यायचं, आणि मग तिलाच वाईट वाटून ती चहा टाकायची. धडा त्यांनी आधीच ठरवला होता. मातीसारखी दिसणारी वस्तू घ्यायची आणि तिच्यातून धातू काढून दाखवायचा. धातू जमिनीतून तयार निघत नाही, तो कशात तरी अडकलेला असतो आणि त्याला सोडवावा लागतो, हे पोरांनी डोळ्यांनी बघायला हवं, असा त्यांचा हट्ट. पण आपल्या परभणी जिल्ह्यात खाण कुठली? खणलं की काळी माती, तिच्याखाली काळा दगड. तेव्हा त्यांनी शेंदूर निवडला. शेंदूर म्हणजे शिशाचं भस्म. कोळशाबरोबर तापवलं की शिसं मोकळं होतं. सोनाराकडून धातू वितळवायची मूस आणली, लोहाराकडून जुना भाता. तयारी तर झाली.

पण शिसंच निघेना. दोनदा करून पाहिलं, मुशीत नुसती राख आणि चिमूटभर काहीतरी काळं. मास्तरांनी शेंदूर जिभेवर धरला, चुटकीत चोळला आणि म्हणाले, "वीट आहे यात. बाजारवाल्यानं विटेची भुकटी मारलीय." तपासणी तोंडावर आली होती. मास्तरांचा चेहरा उतरला.

आमचा शिपाई किसन, धनगराचा. घरची मेंढरं भाऊ राखायचा आणि हा शाळेची घंटा द्यायचा. मास्तरांवर त्याचा जीव. त्याचा पोरगा तापात होता, तेव्हा मास्तरांनी स्टेशनावरून रेल्वेचा डॉक्टर धरून आणला होता. किसन दारात उभा राहून सगळं ऐकत होता. म्हणाला, "मास्तरसाब, तुमी काळजी नका करू. चोख शेंदूर मी आणतो. इटकराचा कण सापडला तर माझं नाव बदला."

दुसऱ्या दिवशी त्यानं फडक्यात बांधून आणला. भुकटी नव्हती, जाड जाड खपल्या होत्या. मास्तरांनी एक खपली मोडली, वास घेतला.

"तेल आहे यात. कशाचं?"

"तिळाचं हाय."

"अच्छा है. जळायला मदतच होईल."

मी तिथंच होतो. त्यात काय आहे, हे मास्तरांनी खोदून खोदून विचारलं. कुठून आणलं, हे विचारलं नाही. त्यांना वस्तू म्हणजे काय असते हे कळायचं. ती कुणाची असते, हा प्रश्नच त्यांना पडायचा नाही.

तपासणीला औरंगाबादेहून साहेब आले. आमच्याकडची जुनी माणसं तपासनीसाला अजून मोहतमीमसाहेब म्हणायची. शांत माणूस, धोतर-कोट. मला हेडमास्तरांनी मागच्या बाकावर बसवलं होतं, मास्तरांच्या मराठीवर लक्ष ठेवायला. आणि काय सांगू तुम्हाला, मास्तर त्या दिवशी असे शिकवत होते की मी लक्ष ठेवायचं विसरून गेलो. फळ्यावर मोठ्या बाळबोध अक्षरांत लिहिलं, शेंदूर. ओळ थोडी वर चढली, पण एक चूक नाही. किसन भाता मारत होता. मुशीतून काळा धूर निघाला, पोरं खोकली, मास्तर म्हणाले, "खोका, खोका. शिसं सुटतंय, त्याला जागा द्या." मग त्यांनी चिमट्यानं मूस उचलून वाळूत ओतली. राख फुंकून बाजूला केली, आणि आत बोराएवढा शिशाचा गोळा, नवाकोरा, चकचकीत.

पोरांनी टाळ्या पिटल्या. कुणी सांगितलं नव्हतं, आपणहून पिटल्या. गोळा पाण्यात निववून मास्तरांनी तो पहिल्या बाकावर दिला आणि म्हणाले, "हातात घ्या. जड आहे बघा केवढा." गोळा हातोहात फिरायला लागला. साहेबांचा चेहरा खुलला होता. मी मनात म्हटलं, राहिली बुवा, गफूर मास्तरांची नोकरी राहिली. मला इतका आनंद झाला की काय सांगू!

साहेब सहज म्हणाले, "उत्तम झालं. शेंदूर मात्र अगदी चोख दिसतोय. कुठून मागवला?"

मास्तर किसनकडं बघून हसले. किसन भाता सोडून पुढं आला, छाती फुगलेली, घाम पुसत म्हणाला, "वेशीतल्या मारुतीरायाचा हाय जी. परवा देवाचं कवच गळालं न्हवं का, नदीला सोडायचं म्हणून देवळात ठिवलं होतं. त्यातलाच. मास्तरांचं काम आडलं होतं. म्हनलं, ह्याच्याहून चोख कुठं घावल?"

आमच्याकडं वर्षानुवर्षं शेंदूर चढत गेला की मारुतीच्या अंगावर त्याचा जाड थर बसतो, आणि एक दिवस तो आपसूक गळून पडतो. त्याला कवच म्हणतात. ते वाजतगाजत नदीत सोडायचं असतं. ही गोष्ट लहान लेकराला माहीत असते. त्या वेळी गोळा तिसऱ्या बाकावर होता. ज्या पोराच्या हातात होता त्यानं तो पटकन बाकावर ठेवला आणि हात कपाळाला लावले. त्याच्या शेजारच्यानं तळहात सदऱ्याला पुसला. मास्तर फळ्याकडं वळले, आणि डस्टर समोर असताना त्यांनी शेंदूर हा शब्द हळूहळू तळहातानं पुसला.

साहेब वाईट नव्हते. बाहेर येऊन हेडमास्तरांना एवढंच म्हणाले, "धडा चांगला होता. पण याबद्दल मी काही लिहू शकत नाही. चांगलंही नाही आणि वाईटही नाही."

संध्याकाळच्या आत गावभर झालं. देवळाचा गुरव आणि पाच-सहा माणसं शाळेच्या ओट्यावर आली. आम्ही घाबरलो होतो, खोटं कशाला बोलू. पण कुणाच्या हातात काही नव्हतं, कुणी आवाजही चढवला नाही. गुरव म्हातारा माणूस. तो म्हणाला, "मास्तर, तुमी मुद्दाम केलं असं कुणी म्हणायला न्हाई. किसनाला आमी विचारलं, त्यो रडायलाय. पण कवच नदीला जायचं होतं. देवाचं देवाला गेलं न्हाई. आता आमी काय करावं, तुमीच सांगा."

आणि मास्तरांनी सांगितलं! दुसरा कुणी असता तर पाया पडला असता, नाहीतर किसनवर ढकलून मोकळा झाला असता. मास्तर म्हणाले, "मी परत देतो. शिशाचा पुन्हा शेंदूर होतो. मंद आचेवर हवेत भाजत राहायचं. अल्ला की कसम, होतो. तोच शेंदूर, तेच शिसं, दुसरं काही घालायचं नाही."

माणसं एकमेकांकडं बघायला लागली. गुरवानं डोक्यावरचं मुंडासं सारखं केलं. मग म्हणाला, "करा."

शाळेच्या मागं, बाभळीखाली मास्तरांनी चूल मांडली. लोखंडी तवा, वर शिसं, हातात लोखंडी पळी. वाऱ्याला आडोसा म्हणून पत्रे उभे केले. पोरांना त्यांनी जवळ येऊ दिलं नाही, धूर वाईट असतो म्हणून. शिसं वितळायचं, वर साय धरायची, ती ढवळून घ्यायची, परत साय. हळूहळू सगळं पिवळं झालं. आमच्या बायका औषधात वापरतात ते मुरदाडशिंग ते हेच. इथपर्यंत सोपं. पिवळ्याचं लाल होणं हा खरा घोळ. आच कमी पडली तर ते लाल होत नाही, आणि जरा वाढली तर झालेलं लाल परत पिवळं होतं. कारखान्यात त्याच्या भट्ट्या असतात. इथं बाभळीचं जळण आणि पूर्णेचा वारा.

दिवसामागून दिवस ते तव्यापुढं बसायचे. वर्ग घ्यायचे, परत येऊन बसायचे. डोळे लाल, दाढी वाढलेली. किसन जळण आणून द्यायचा आणि लांब बसून राहायचा. मी एकदा चिडून म्हटलं, "मास्तर, पुरे करा आता. कुणासाठी चाललंय हे?" ते तव्यावरची नजर न काढता म्हणाले, "घेतलंय ना पंडितजी. द्यायला नको?" मला त्यांचा राग आला, आणि त्या रागापाठोपाठ इतकं वाईट वाटलं की मी तिथून उठून गेलो.

अखेर झाला. बाजारच्या शेंदरासारखा भडक नाही, जरासा विटकट, पण लाल. मास्तरांनी तो खलात घोटला, स्वच्छ कागदात पुडी बांधली, अंघोळ केली, धुतलेली शेरवानी घातली. त्या दिवशी तिचे खिसे रिकामे होते. मला म्हणाले, "तुमी चला बरोबर. मी आत जाणार नाही." आम्ही वेशीत गेलो. मारुतीला नवा शेंदूर चढवून झाला होता. अंग नारिंगी, भडक. मास्तरांनी लांबून बघितलं, आणि त्या शेंदरात वीट किती आहे हे त्यांना तिथूनच कळलं असणार. मला वाटलं, आता टिचकी मारल्यासारखं एखादं वाक्य येणार. नाही आलं.

गुरवानं बाहेर येऊन पुडी हातात घेतली, उघडली, बोटानं चाचपून पाहिली. तोंडावर राग नव्हता. उलट माया होती, म्हणून तर जास्त लागलं. म्हणाला, "मास्तर, तुमी लय कष्ट घेतले. दिसतंय मला. पण देवाच्या अंगावर होता तवा शेंदूर होता. एकदा आगीत गेला. आता हा रंग हाय." त्यानं पुडी नीट मिटली आणि मास्तरांच्या हातात परत दिली.

मास्तरांनी ती घेतली. "हौ," एवढंच म्हणाले. गुरव खोटं बोलत नव्हता. वाटेत किसन उभा होता, त्यांनी पुडी त्याच्या हातात दिली. किसननं ती नदीत सोडली.

पुढं उन्हाळ्यात हुकूम आला. उर्दू वर्ग बंद झाल्यामुळं जागा कमी करण्यात येत आहे. मारुतीचा उल्लेख नाही, शेंदराचा नाही, धड्याचा नाही. हेडमास्तर मला म्हणाले, "हे असंही होणारच होतं हो." असेल. पण टाळ्या पडल्या होत्या त्या वेळी ते होणार नव्हतं, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. मास्तरांनी खोलीची किल्ली दिली, नळ्या मोजून दिल्या, आणि बायकोला घेऊन ताडकळसला मेव्हण्याकडं गेले. आम्ही निरोपाचा चहा ठेवला होता. ते आलेच नाहीत.

त्यानंतर मी त्यांना एकदाच पाहिलं. दोन-तीन वर्षं झाली असतील. ताडकळसच्या बाजाराला गेलो होतो, माझ्या मेव्हणीकडं. चिंचेखाली कल्हईवाल्याची भट्टी होती. त्यांचा मेव्हणा भांडी घासत होता आणि गफूर मास्तर भात्यापुढं बसले होते. शेरवानी नव्हती, बनियन आणि लुंगी. मला बघून उठले, हात धुतले, "आओ पंडितजी" म्हणाले. बसायला पोतं टाकलं. मी घरच्यांची विचारपूस केली, त्यांनी माझ्या बायकोची केली. शाळेचं त्यांनी विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही. मग ते परत कामाला बसले.

एक बाई पातेलं घेऊन आली होती, बरोबर तिची लहान मुलगी. मास्तरांनी पातेलं तापवलं, आत पांढऱ्या भुकटीची चिमूट टाकली. नवसागर. पांढरा धूर भसकन वर आला. मग त्यांनी कथील फिरवलं, कापसानं पुसलं आणि काळं पातेलं आतून चांदीसारखं लखलखलं. मुलगी पार पुढं येऊन बसली. डोळे मोठे करून म्हणाली, "ते पांढरं कशाला टाकलं ओ?"

मास्तरांचा हात थांबला. मला वाटलं, आता सुरू होणार. मी पोत्यावर सरसावून बसलो. किती दिवसांनी ऐकायला मिळणार होतं!

त्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं. मग पातेलं पाण्यात बुडवत म्हणाले, "माहीत न्हाई बेटा. टाकायचं असतंय."

"बरं," मुलगी म्हणाली, आणि पातेलं डोक्यावर घेऊन आईच्या मागं गेली.